दैव पाचवे

वाशिंदला आगगाडी १८५५ साली आली. बोरीबंदर ते ठाणे हा या देशातला पहिला प्रवासी लोहमार्ग १८५३ च्या एप्रिलात सुरू झाला आणि त्यानंतर अडीच वर्षांत तो कल्याण ओलांडून आमच्या गावापाशी येऊन थांबला. पुढे आसनगावपर्यंत रूळ जाण्यास आणखी चार-पाच वर्षे लागली, आणि तेवढ्या काळापुरते वाशिंद हे त्या फाट्याचे शेवटचे ठाणे होते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. म्हणजे ज्या स्तनाच्या कर्करोगाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्यावरील या देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाचे दार उघडण्यापूर्वी पाऊणशे वर्षांहून अधिक काळ तेथवर जाण्याची वाट आमच्या दारात तयार होती. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून वाशिंद सुमारे ८० किलोमीटर. पहाटेची लोकल धरून, दादरला गाडी बदलून, कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास परळला पोचणारी माणसे या गावात घरोघर आहेत.

असे असताना शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या स्त्रीच्या स्तनात गाठ उद्भवते, ती तिच्या हाताला लागते, आणि तरीही ती डॉक्टरांच्या नजरेस पडण्यास कित्येकदा महिनेच्या महिने जातात, तेव्हा या विलंबाचा उलगडा केवळ भूगोलाच्या किंवा दारिद्र्याच्या भाषेत करून भागत नाही. दारिद्र्य आहेच, भातलावणीच्या दिवसांत एका दिवसाचा रोज बुडणे म्हणजे काय, हे पगारदारांनी सांगू नये. परंतु त्याच्याही अगोदर, घरातल्या घरात, चुलीपाशी, एक तत्त्वज्ञान उभे असते, आणि त्या स्त्रीने ते कोणत्याही पोथीत वाचलेले नसले तरी ती ते चार शब्दांत मांडते: भोग आहे, भोगून सारायचा. शेजारीण सांगते की कोणाची तरी दृष्ट लागली असावी. दुसरी म्हणते 'बाहेरचे' असावे. तिसरीच्या मते अंगावरचे दूध साकळले असेल. भगत उतारा सांगतो. आणि सुरी लागली की हा रोग अंगभर पसरतो, ही सर्वस्वी निराधार समजूत तर शिकल्यासवरल्या घरांतही मूळ धरून असते. दुखणे अंगावर काढले जाते. या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाला धर्मविचाराच्याच भूमीवर उत्तर दिले पाहिजे असे मला वाटते. ज्याने प्रश्न धर्माच्या भाषेत विचारला त्याला केवळ आकडेवारी ऐकविणे हे शिष्टाचारालाही धरून नाही, आणि ते उत्तर त्याला पोचतही नाही.

प्रश्न असा, की रोग जर प्रारब्धाचे फळ असेल तर त्यापासून बचाव करण्याची खटपट व्यर्थ नव्हे काय? आपल्याकडील रूढ विचारसरणीप्रमाणे मनुष्याचे कर्म तीन प्रकारचे: साठलेले ते संचित, त्यातून या जन्मी भोगावयास सुरुवात झाली ते प्रारब्ध, आणि आज हातून घडत आहे ते क्रियमाण, यांपैकी प्रारब्ध भोगल्यावाचून सुटत नाही, असे वेदान्ती सांगतात आणि कीर्तनकार ते गावोगाव पोचवितात. शातातपस्मृतीसारख्या ग्रंथांनी तर अमुक पातकाचे फळ अमुक व्याधी अशी कोष्टकेच बांधून दिली. या विचाराची टवाळी करण्याचा मोह मला होत नाही. अकारण दुःखापेक्षा सकारण दुःख सोसावयास सोपे जाते. दोन लेकरांच्या आईला चाळिशीत हा रोग का व्हावा, या प्रश्नापुढे शहाणी माणसेही निरुत्तर होतात, आणि तसे निरुत्तर बसून राहण्यापेक्षा पूर्वजन्मावर हवाला टाकणे मनाला बरे वाटते. परंतु या सांत्वनाची किंमत रुग्णाच्या देहाकडून वसूल होते. जो रोग शिक्षा ठरला, त्यावर इलाज करणे म्हणजे शिक्षेतून पळ काढणे ठरते. आणि जिला शिक्षा झाली ती स्त्री, उघडपणे कोणी बोलो वा न बोलो, अपराधी ठरते. तिने गाठ लपविली तर नवल कसले?

मौज अशी की ज्या परंपरेच्या नावाने हे चालते, तिच्यातल्या वैद्यांनीच या मताची झडती फार पूर्वी घेऊन ठेवली आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय साथीच्या रोगांनी मुलूखच्या मुलूख उजाड होण्याविषयी आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ, ग्रीष्म ऋतूत, गंगेच्या तीरावर आत्रेय मुनी शिष्यांसह संचार करीत असता अग्निवेश त्यांना विचारतो की मनुष्याचे आयुष्य ठरलेले असते की नसते. आत्रेयांचे उत्तर सरळ आहे: पूर्वीच्या देहाने केलेले कर्म ते दैव, या देहाने केलेले ते पुरुषकार, आणि या दोहोंत जे बलवान असेल ते दुसऱ्याला हटविते. एवढ्यावर न थांबता ते असा युक्तिवाद करतात की, आयुष्य जर सर्वस्वी नेमलेलेच असते तर औषधी, मंत्र, मणी, उपवास यांच्या वाटेला कोणी गेलेच नसते, आणि पिसाळलेला हत्ती किंवा उधळलेला बैल समोरून येताना पाहून कोणी बाजूलाही झाले नसते. आणि मग ते गाडीच्या आसाचा दृष्टान्त देतात. चांगल्या लाकडाचा आस आपल्या मुदतीने झिजून संपतो. तोच आस फाजील ओझ्याने, आडवाटेने नेल्याने, चाक मोडल्याने किंवा वंगण न घातल्याने मुदतीपूर्वीच मोडतो. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या यात्रेला बैलगाडी जुंपून गेलेली माणसे आमच्या भागात अजून हयात आहेत. त्यांना या दृष्टान्तावर भाष्य नको आहे. आस मोडला म्हणजे त्यांनी गाडीवानाच्या पूर्वजन्माची चौकशी केली नाही. ओझे उतरविले आणि सुतार गाठला.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातही हाच विचार निराळ्या अंगाने येतो. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याला पाच कारणे लागतात, असे सांगून तेथे अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने आणि नानाविध क्रिया ही चार कारणे प्रथम नमूद केली आहेत, आणि दैवाला पाचवी जागा दिली आहे. गीता तेथे कर्माविषयी बोलते, रोगाविषयी नाही, हे मी जाणून आहे. तरीही व्याधीच्या निवारणाकडे एक कर्म म्हणूनच पाहावयाचे असेल, तर हा क्रम आपल्याला बंधनकारक का मानू नये? लोकमान्य टिळकांना मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिताना कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांच्या नात्यासाठी एक संपूर्ण प्रकरण, दहावे, खर्ची घालावे लागले. कारण कर्माच्या नियमातून हातपाय गाळण्याचा निष्कर्ष निघत नाही, हे या देशाला समजावून देण्याची त्यांना निकड वाटत होती. आमच्या दोन्ही तालुक्यांत बौद्धांची वस्ती पुष्कळ आहे. त्यांच्या परंपरेचा दाखला तर याहून स्पष्ट आहे. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की, मनुष्याला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मामुळेच होते असे म्हणणारे लोक आहेत, त्यांविषयी आपले मत काय? बुद्ध त्याला पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुपालट, देहाची अव्यवस्थित निगा आणि अचानक झालेला आघात अशी सात कारणे मोजून दाखवितात, कर्मविपाकाला आठवे म्हणतात, आणि सगळे काही पूर्वकर्मावर ढकलणारांचे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून आहे असा निर्वाळा देतात. एका ठिकाणी दैव पाचवे आणि दुसऱ्या ठिकाणी पूर्वकर्म आठवे. आमच्या घरात मात्र ते पहिले आणि एकटे येऊन बसले आहे.

आता आजचे वैद्यकशास्त्र या रोगाविषयी काय सांगते ते पाहू. स्तनातील दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि ते वाहून नेणाऱ्या नलिका यांच्या अस्तरातील पेशी दर महिन्याच्या ऋतुचक्राबरोबर, ईस्ट्रोजेनादी संप्रेरकांच्या अंमलाखाली, वाढतात आणि विभागतात. प्रत्येक विभागणीच्या वेळी पेशीतील जनुकांची नक्कल उतरविली जाते, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. बहुतेक चुका जागच्या जागी दुरुस्त होतात, काही राहून जातात, आणि वर्षानुवर्षे साठत गेलेल्या विशिष्ट चुका एकाच पेशीत एकत्र आल्या म्हणजे ती पेशी व तिचा वंश शरीराचा शिरस्ता मानीनासा होतो. म्हणून वाढते वय हे या रोगाचे फार मोठे कारण आहे. म्हणूनच पहिली पाळी लवकर येणे, रजोनिवृत्ती उशिरा होणे, पहिले मूल तिशीनंतर होणे किंवा मूलच न होणे, यांनी धोका वाढतो, कारण त्या संप्रेरकांचा अंमल दीर्घकाळ अखंड चालतो. शंभरांतील सुमारे ५ ते १० रुग्णांना सदोष जनुक वारशाने आलेले असते. त्यांतील बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या दोन जनुकांचा छडा १९९४ व १९९५ साली लागला, आणि हा वारसा आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, ही गोष्ट सोयरिकीच्या वेळी मुलीच्या आईच्या दुखण्याची गुपचूप चौकशी करणाऱ्या मंडळींनी ध्यानात घ्यावी. पुरुषांनाही हा रोग होतो. एकूण रुग्णांत त्यांचे प्रमाण अर्धा ते एक टक्का. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे सुमारे निम्म्या रुग्ण स्त्रियांमध्ये, स्त्री असणे आणि वय चाळिशीच्या पुढे असणे यांखेरीज दुसरे कोणतेही विशेष कारण दाखविता येत नाही. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाच्या मूळ कारणांविषयी जी पृच्छा आहे, तीत यदृच्छेचेही नाव आहे. ऋषींना जी शक्यता निदान विचारार्थ दाखल करून घ्यावीशी वाटली, ती आपण बोलूनसुद्धा दाखवीत नाही.

पापपुण्याच्या हिशेबाला या रोगाने दिलेले सर्वांत मोठे आव्हान ख्रिस्ती मठांतून आले. इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांच्या रोगांवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्याच्या १७१३ च्या सुमाराच्या आवृत्तीत त्याने नोंदविले की स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा मठवासी जोगिणींमध्ये अधिक आढळतो. ज्यांनी संसार सोडला, ब्रह्मचर्य पाळले, उपासतापास आणि प्रार्थना यांत आयुष्य घालविले, त्यांच्याच वाट्याला हा रोग अधिक! पूर्वकर्माचा सिद्धान्त मानणारा म्हणेल की त्यांचे मागचे पाप मोठे होते. पण मग मागच्या जन्मीच्या पापिणी नेमक्या मठांतच का गोळा होतात, याचे उत्तर त्यालाच द्यावे लागेल. खरे कारण पुढे दोनशे वर्षांनी जेनेट लेन-क्लेपॉन या इंग्रज डॉक्टर बाईंनी उजेडात आणले. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी सुमारे ५०० रुग्ण स्त्रिया आणि जवळजवळ तितक्याच हा रोग नसलेल्या स्त्रिया यांच्या आयुष्यांची तुलना केली, आणि विवाह, बाळंतपणे व स्तनपान यांचा या रोगाशी असलेला संबंध दाखवून दिला. पुढे ३० देशांतील ४७ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यातून असे निघाले की प्रत्येक बाळंतपणामुळे धोका सुमारे ७ टक्क्यांनी, आणि मूल अंगावर पाजण्याच्या प्रत्येक वर्षामागे आणखी सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो. जोगिणींना जे झाले ते त्यांच्या देहाच्या इतिहासामुळे झाले. त्यांच्या पुण्याईने ते टळले नाही, आणि त्यांच्या पापाने ते ओढवलेही नव्हते.

हे कळल्यावर एक नवे संकट उभे राहते, आणि मला ते पहिल्याइतकेच गंभीर वाटते. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागासाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. या देशातील ती अशा प्रकारची पहिली. तिच्यातील नोंदी मुंबईच्या नोंदींशी ताडून पाहिल्या तर स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण खेड्यात बरेच कमी दिसते, आणि लवकर झालेली लग्ने, अधिक बाळंतपणे व दीर्घकाळ चालणारे स्तनपान ही त्याची काही कारणे असल्याचे तज्ज्ञ सांगतात. वाशिंद आता खेडे उरलेले नाही. मुली शिकतात, नोकरीसाठी सकाळची गाडी धरतात, पंचविशीनंतर लग्न करतात, एकदोन मुलांवर थांबतात. यावरून एखादा सनातनी गृहस्थ असे म्हणावयास चुकणार नाही की, पाहा, शिक्षणाने हा रोग आणला. त्याला एवढेच सांगावेसे वाटते की, ज्या काळी पंधराव्या वर्षी बाळंत होणाऱ्या मुली विसाव्या वर्षाच्या आत बाळंतरोगाने दगावत होत्या, त्या काळी त्यांना पन्नाशीतल्या रोगाचे भय नव्हते, हे खरे आहे.

परंतु सनातनी गृहस्थापेक्षाही मला भय वाटते ते सुशिक्षित उपदेशकाचे. पूर्वी म्हणत, मागच्या जन्मी पाप केले असशील. आता म्हणतात, खाण्यापिण्याकडे लक्ष दिले नसशील, मनात कुढत राहिली असशील, मुलाला पाजले नसशील, चोळीत मोबाईल ठेवीत असशील. यांतील मोबाईलचा आरोप तर पुराव्यावाचूनचा आहे. परंतु जेथे पुरावा आहे तेथेसुद्धा हा आरोप करण्याचा हक्क कोणालाही पोचत नाही. धोका हे विधान पुष्कळांविषयीचे असते. अमुक प्रकारे राहणाऱ्या हजार स्त्रियांत इतक्यांना आणि तमुक प्रकारे राहणाऱ्या हजारांत तितक्यांना रोग होतो, एवढेच शास्त्र सांगते. समोर बसलेल्या या एकीला तो कशाने झाला, हे शास्त्राला बहुधा सांगता येत नाही, आणि ते सांगत असल्याचा आवही आणीत नाही. पुष्कळांविषयीच्या विधानावरून एकीवर दोषारोप ठेवणे ही तर्काची चूक आहे, आणि रुग्णाच्या उशाशी बसून ती करणे ही क्रूरता आहे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, तेव्हा येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आजच्या उपदेशकालाही तेच उत्तर द्यावे.

मग धोका कमी करण्याच्या उपायांना अर्थ तो काय राहिला? माझ्या मते येथेच गीतेची दुसरी, अधिक परिचित शिकवण उपयोगी पडते. आणि ती पुस्तकी पद्धतीने नव्हे तर अक्षरशः. जी स्त्री नियमाने चालते, रजोनिवृत्तीनंतर वजन वाढू देत नाही, दारूला शिवत नाही (मद्य हे कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे आणि मोहाची दारू त्याला अपवाद नाही), मुलाला वर्ष-दोन वर्षे अंगावर पाजते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय संप्रेरकांच्या गोळ्या घेत नाही, ती आपला धोका खात्रीने कमी करते. परंतु तिला रोग झाला नाही तर तो या आचरणामुळे झाला नाही, की तसाही झाला नसता, हे तिला मरेपर्यंत कळणार नाही. टळलेल्या संकटाची पावती मिळत नाही. आणि इतके सर्व करूनही तो झाला, तर फसवणूक झाल्याची फिर्याद घेऊन तिला कोठे जाता येणार नाही. फळावर हक्क न सांगता कर्म करणे म्हणजे काय, याचे याहून शुद्ध उदाहरण नित्याच्या संसारात मला दुसरे दिसत नाही. अशा कर्मात फळाचा अहंकार नाही म्हणून निष्फळतेचा अपराधही नाही. ते करावयाचे, कारण देहाची निगा राखणे हे ज्याच्या ताब्यात देह आहे त्याचे काम आहे. मात्र हा उपदेश करतानाही समोर कोण आहे ते पाहावे. तानसा, भातसा, वैतरणा यांचे पाणी मुंबईला पोचविणाऱ्या शहापूर तालुक्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात, आणि डोंगर उतरून दोन हंडे डोक्यावर घेऊन येणाऱ्या ठाकर किंवा कातकरी बाईला दररोज अर्धा तास चालत जा असे सांगणारा माणूस हास्यास्पद ठरतो. तिची मिश्री सुटली तर फार बरे होईल; पण तेही मुख्यतः तोंडाच्या कर्करोगासाठी, हे प्रामाणिकपणे सांगून.

रोग होण्याच्या बाबतीत दैवाचा वाटा मोठा आहे, हे मी कबूल केले. रोगाने मरण्याच्या बाबतीत तो तेवढा नाही. निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्या रुग्ण स्त्रियांचे प्रमाण संपन्न देशांत ९० टक्क्यांच्या वर आहे. भारतात जागतिक आरोग्य संघटना ते ६६ टक्के धरते. या दोन आकड्यांच्या दरम्यान ज्या स्त्रिया मरतात, त्यांचा पूर्वजन्म संपन्न देशांतील स्त्रियांच्या पूर्वजन्माहून वाईट होता असे म्हणावयाचे काय? त्यांचा रोग उशिरा कळला आणि उपचार अपुरे झाले. सुश्रुताने अर्बुदाचे वर्णन करताना ते घट्ट, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे, न पिकणारे आणि मंद वेदनेचे असते असे म्हटले आहे, आणि हीच मंद वेदना घात करते. स्तनातील कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती साधी, असे समजून बाई कामाला लागते. म्हणून ध्यानात ठेवावयाचे ते असे की न दुखणारी गाठ, काखेतील गाठ, कातडीला पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा आलेला खडबडीतपणा, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, एका बाजूच्या आकारात नव्याने पडलेला फरक, यांपैकी काहीही दिसले तर दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात; पण ते डॉक्टरांनी ठरवावे, सासूबाईंनी नव्हे.

तपासणीचे काम किती साधेपणाने होऊ शकते, याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ साली डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक दीर्घ चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत, शालेय शिक्षण झालेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. ना यंत्र, ना मोठा खर्च. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे या वस्त्यांत रोग अधिक आरंभीच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. शांघायच्या कापडगिरण्यांतील अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांना स्वतःची तपासणी स्वतः करावयास शिकवून पाहिले, तेव्हा मृत्यूंत घट झाली नाही, हे २००२ साली निष्पन्न झाले; म्हणून आपल्या देहाची ओळख असावी हे खरे, पण शिकलेल्या हाताची जागा तिने भरून निघत नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी उपकेंद्रावर विनामूल्य व्हावयाची असते आणि तिचा अर्ज आशाताईने भरून घ्यावयाचा असतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी स्तनाची अशी तपासणी एकदा तरी झालेल्या किती निघाल्या? ०.९ टक्के. शंभरांत एक पुरती नाही.

याचे एक कारण लज्जा हे आहे, आणि लज्जेला हसण्याचे मला कारण दिसत नाही. कल्याणच्या घरात वाढलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे जे भाषण केले, त्यात हिंदू स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची केवढी गरज आहे हाच मुद्दा होता. त्याच्या आदल्या वर्षी पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे हेच सांगितले होते. आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये क्षयाने गेल्या. इकडच्या एकाही रुग्ण स्त्रीला त्यांचा उपयोग झाला नाही. त्यांनी लज्जेला दोष दिला नव्हता, ती सांभाळून इलाज होण्याची व्यवस्था मागितली होती. वाशिंदहून पाच स्थानके अलीकडे ज्यांचे बालपण गेले त्या बाईंची मागणी आज कायद्याने, पैशाने आणि प्रशिक्षणाने पुरी करता येण्याजोगी झालेली आहे. आरोग्यसेविका स्त्री आहे, आशाताई तर गावचीच आहे. पडद्याआड तपासणारा स्त्रीचा हात उपलब्ध असताना गाठ लपवून ठेवणे हे मर्यादेचा भंग टाळणे नव्हे.

दुसरे कारण आम्ही पुरुष आहोत. बाईच्या आजारपणासाठी रजा काढण्याची रीत आमच्याकडे नाही. बैल बसला तर गुरांच्या डॉक्टरला रात्री उठविणारा कारभारी बायकोच्या गाठीसाठी 'लावणी उरकू दे' म्हणतो. गीतेतील पहिली चार कारणे मी या ठिकाणी अशी वाचतो: देह तिचा आहे, पण निर्णय घेणारा कर्ता बहुधा घरात दुसराच असतो, पैसा आणि वाहन ही साधने त्याच्या ताब्यात असतात, आणि धावपळ त्याने करावयाची असते. ती चारही जागची हलली नाहीत तर पाचव्यावर खापर फोडण्याचा अधिकार त्याला नाही. महाराष्ट्राच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, आणि उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वे भाड्यात सवलत देते. रुग्ण दवाखान्यात प्रथम आल्यापासून ६० दिवसांत निदान पुरे व्हावे, अशी मुदत जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिली आहे. पण ती मुदत दवाखान्याच्या पायरीपासून मोजली जाते, आणि घरापासून त्या पायरीपर्यंतचे दिवस कोणाच्याच दप्तरी लागत नाहीत. तेव्हा वाशिंद, शहापूर, मुरबाड येथील गृहस्थांना माझी विनंती आहे, की घरातील तिशीपुढील बाईची तपासणी झाली आहे का हे आज रात्री जेवताना तिला विचारावे. झाली नसेल तर याच आठवड्यात आशाताईला बोलावून घ्यावे. आणि गाठ असल्याचे तिने सांगितले तर दुसऱ्या दिवशीच्या कामाला खुशाल खाडा करून तिच्याबरोबर शहापूरच्या सरकारी रुग्णालयात स्वतः जावे.